बाहुलीच्या आत कोण आहे?

गेल्या गणपतीत आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत क्लबहाऊसच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली, प्रोजेक्टर लावला आणि मुलांना ‘झपाटलेला’ हा मराठी सिनेमा दाखवला. तीसेक मुलं जमली असतील. हरियाणवी, पंजाबी, बंगाली, तमिळ घरांतली, त्यात मराठी मोजून सहा. पोरांना कळेल का, ही धाकधूक पहिली पंधरा मिनिटंच टिकली. पडद्यावरच्या बाहुल्यानं, तात्या विंचूनं, मान वळवली आणि सगळी रांग एकमेकांना चिकटली. सिनेमा संपला, मोदक वाटले, तरी एक सात वर्षांची मुलगी माझ्या ओढणीचं टोक सोडेना. “आंटी, उसके अंदर कौन है?”

प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र लांबलचक. त्या बाहुल्याच्या आत ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारा एक शब्दभ्रमकार आहे, एक नाटकातला दिग्गज नट आहे, हॉलिवूडचा एक खेळण्यातला खुनी आहे. आणि या सगळ्यांना एकत्र आणणारा, स्वतः नऊ-दहा वर्षांचा असताना पडद्यावर आलेला एक मुलगा आहे. त्याचं नाव महेश कोठारे.

मास्टर महेश

जन्म 28 सप्टेंबर 1953. घरात नाटक होतं. वडील अंबर कोठारे हौशीनं आणि निष्ठेनं रंगभूमीवर वावरलेले गृहस्थ. जानेवारी 2023मध्ये वयाच्या 96व्या वर्षी ते गेले, म्हणजे मुलाची जवळजवळ सगळी कारकीर्द त्यांनी डोळ्यांनी पाहिली. महेशचा पहिला गाजलेला सिनेमा राम गबाले यांचा ‘छोटा जवान’. साल 1963, चीन युद्धाच्या पुढचं वर्ष. मग हिंदीत ‘छोटा भाई’, ‘राजा और रंक’, ‘घर घर की कहानी’, ‘सफर’. पोस्टरवर नाव लागायचं ‘मास्टर महेश’. त्या काळी बालकलाकारांना मास्टर नाहीतर बेबी ही पदवी आपसूक मिळायची.

यातला ‘राजा और रंक’ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मार्क ट्वेनच्या 1881 सालच्या कादंबरीवरून घेतलेली गोष्ट, राजपुत्र आणि गरीब पोरगा दिसायला सारखे, दोघं जागा बदलतात. सिनेमा 1968चा. दोन्ही मुलं महेशच. म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या वयात या मुलानं मोठ्या पडद्यावर स्वतःलाच स्वतःशी बोलताना पाहिलं.

हे त्या काळी कसं करत, ते मुलांना सांगायला मला एक बरी जागा सापडली. आमच्या गुरुग्राममध्येच ‘म्युझिओ कॅमेरा’ नावाचं जुन्या कॅमेऱ्यांचं संग्रहालय आहे, 2019मध्ये उघडलेलं. तिथल्या काचेच्या कपाटांसमोर उभं राहून सांगितलं की चटकन कळतं. लेन्सची अर्धी बाजू झाकायची, उघड्या बाजूला नटाला उभं करून चित्रण करायचं. मग फिल्म मागे गुंडाळायची, झाकण दुसऱ्या बाजूला लावायचं, नटाला कपडे बदलून पलीकडे उभं करायचं आणि तीच फिल्म पुन्हा चालवायची. कॅमेरा केसभर हलला की मधोमध शिवण दिसते. नटानं समोर कोणीही नसताना नेमक्या उंचीवर बघायचं, नेमक्या वेळी थांबायचं. ज्या पोरानं ही कसरत त्या वयात जवळून पाहिली, त्याला कॅमेरा हे जादूगाराचं खोकं वाटलं नसतं तरच नवल. पुढची चाळीस-पन्नास वर्षं हा माणूस दर दोन-चार वर्षांनी त्या खोक्यातून काहीतरी नवं काढत राहिला, ते मला इथूनच सुरू झालेलं दिसतं.

मधली वकिली

बालकलाकारांच्या आयुष्यात एक अवघड वळण येतं. मिसरूड फुटतं, आवाज फुटतो आणि काम थांबतं. महेश कोठारे यांनी या काळात शिक्षण पुरं केलं, कायद्याची पदवी घेतली, काही वर्षं वकिलीही केली. मग ‘गुपचूप गुपचूप’ (1983), ‘लेक चालली सासरला’ (1984) अशा सिनेमांत तरुण नट म्हणून परत आले. काळा कोट खुंटीला लावला तो कायमचा.

एका गोष्टीचे चार जन्म

1985. वय 31. पहिला दिग्दर्शित सिनेमा ‘धुमधडाका’. याची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. मूळ तमिळ सिनेमा श्रीधर यांचा ‘कादलिक्क नेरमिल्लै’, 1964 सालचा. तो तेलुगूत गेला, मग 1966मध्ये हिंदीत ‘प्यार किये जा’ झाला आणि मराठीत यायला एकोणीस वर्षं लागली. श्रीमंत बाप, त्याच्या मुली आणि सिनेमा काढायच्या वेडानं पछाडलेला मुलगा. ही वेडाची भूमिका तमिळमध्ये नागेशनं केली, हिंदीत मेहमूदनं आणि मराठीत ‘टुरटुर’ नाटकानं नुकत्याच उजेडात आलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेनं. तीन भाषांतले तीन अव्वल विनोदी नट एकाच अंगरख्यात शिरले आणि प्रत्येकाला तो बेतून शिवल्यासारखा बसला.

बापाच्या भूमिकेत शरद तळवलकर. अंबाक्का झालेल्या प्रेमा किरण. आणि अशोक सराफ पाइप ओढत खोटे श्रीमंत यदुनाथ जवळकर होतात तेव्हा घशातून जो खोकल्याचा आणि हसण्याचा मिळून एक आवाज काढतात, तो आजही लग्नाच्या पंगतीत कोणीतरी काढून दाखवतंच. कागदावर न लिहिता येणारा विनोद आहे तो. लिहायला गेलं तर तीन विचित्र अक्षरं उरतात. ऐकला की पोट धरून हसतो माणूस.

खलनायकांचं बारसं

मला सगळ्यात जास्त प्रेम आहे ते या सिनेमांतल्या दुष्टांच्या नावांवर. ‘थरथराट’मधला (1989) टकलू हैवान. ‘धडाकेबाज’मधला (1990) कवट्या महाकाळ. ‘झपाटलेला’तले (1993) तात्या विंचू आणि कुबड्या खवीस. आधी गावातल्या कट्ट्यावर ठेवलेलं टोपणनाव, त्याला जोडून एखादं भूत नाहीतर विषारी जनावर. मुलाला नाव ऐकताच चेहरा दिसतो. त्यात भीतीही आहे आणि खुदकन हसूही आहे, दोन्ही एकाच घासात.

कवट्या महाकाळची गंमत तर सांगली जिल्ह्यातल्या माणसाला विचारा. कवठेमहांकाळ हा तिथला तालुका. कवटीचा मुखवटा घालणाऱ्या दरोडेखोराला हे नाव ज्यानं सुचवलं, त्याला नमस्कार. आणि तात्या! मराठी घरात तात्या म्हणजे प्रेमळ, थोडे रागीट, पानसुपारीचा डबा जवळ बाळगणारे वडीलधारे. त्या शब्दाला विंचू चिकटवला की अंगावर सर्रकन काटा येतो. इंग्रजी नावाच्या भीतीदायक बाहुल्या जगात खूप झाल्या. नातेवाईकाचं नाव घेऊन येणारा मला तरी हा एकच ठाऊक आहे.

आणि या सगळ्यांना पकडणारा कोण? दिग्दर्शक स्वतः, ‘झपाटलेला’त इन्स्पेक्टर महेश जाधव होऊन. खाकी वर्दी, घाई आणि तोंडी ‘डॅम इट’. हा शब्द इतका अंगाला चिकटला की आत्मचरित्राचं नावही ‘डॅम इट आणि बरंच काही’ असं ठेवलं.

पसरट पडदा आणि बाटलीतला माणूस

‘धडाकेबाज’ हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप सिनेमा. सिनेमास्कोप म्हणजे काय, तर खास लेन्स रुंद दृश्य आडवं दाबून नेहमीच्या फिल्मवर बसवते आणि थिएटरात दुसरी लेन्स ते पुन्हा ताणून मोकळं करते. पडदा उंचीच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्तच रुंद होतो. हिंदीत हे गुरुदत्तनं ‘कागज के फूल’मध्ये 1959 सालीच केलं होतं. मराठीला पुढची 31 वर्षं लागली, कारण साधं आहे. बाजार छोटा, पैसा तोकडा आणि सिनेमा चालायचा तो गावच्या टुरिंग टॉकीजमध्ये. तिथं पसरट पडद्याचं कौतुक करायला आधी पडदा पसरट हवा.

एवढा खर्च करून त्या रुंद पडद्यावर काय दाखवलं, तर बाटलीत मावणारा माणूस. लक्ष्मीकांत बेर्डे दोनदा दिसतात, एकदा पुऱ्या उंचीचा लक्ष्या आणि एकदा बाटलीतला इवलासा गंगाराम. ‘राजा और रंक’मधलीच युक्ती, आता दोन वेगवेगळ्या मापांत. ही निवड मला फार आवडते. पडदा मोठा मिळाला म्हणून लढाई नाही मांडली, बाटली मांडली. मूल काय बघेल, हा विचार आधी.

तात्याचे तीन बाप

आता मुलीच्या प्रश्नाकडे. आत कोण आहे?

पहिली गोष्ट, कल्पना परदेशातून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. 1988मध्ये अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ आला. पोलिसांच्या गोळीनं मरणारा गुंड मंत्र म्हणतो आणि खेळण्यात शिरतो, त्या बाहुल्याचं नाव चकी. तो यंत्रांवर चालणारा बाहुला होता, त्याच्या हालचालींसाठी तंत्रज्ञांची मोठी फळी राबत होती. मराठीला हे परवडणारं नव्हतं. पण मराठीकडे एक वेगळी श्रीमंती होती, ती म्हणजे पाध्ये घराणं.

यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अर्धवटराव घडवला. बोलका, वात्रट, मालकाला उलट उत्तर देणारा. शंभरी ओलांडलेला हा बाहुला अजूनही रंगमंचावर बोलतो. त्यांचा मुलगा रामदास पाध्ये. शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनीअर, घरातून मिळालेली विद्या शब्दभ्रमाची. टीव्हीवर लिज्जत पापडाच्या जाहिरातीत खदखदून हसणारा ससा आठवतो? तो त्यांचाच, आवाजही त्यांचाच. तात्या विंचू घडवला आणि हलवला तो याच पाध्यांनी. जो माणूस दुपारी सशाला हसवायचा, त्यानं रात्री तात्याची मान फिरवली.

आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मूळ गुंड तेच झाले आणि बाहुल्यात शिरल्यावर बोलले तेच. प्रभावळकर म्हणजे दूरदर्शनवरचा चिमणराव, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा आणि 2006च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी. त्या वर्षीच्या कामासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा एक दहा वर्षांचा मुलगा उठून उभाच राहिला. तात्या आणि बापू एकच? हो बाळा, एकाच गळ्यातून.

बाहुला खरा वाटतो याचं अर्धं श्रेय मी समोरच्याला देते. लक्ष्मीकांत बेर्डे यात शब्दभ्रमकाराचीच भूमिका करतात, लक्ष्या बोलके. त्या निर्जीव वस्तूकडे ते इतक्या मनापासून घाबरून बघतात की आपणही बघतो. जिवंत नटाशी जुगलबंदी करणं सोपं, समोरचा काहीतरी परत देतो. बाहुला काही देत नाही. सगळी भीती एकट्यानं दोघांच्या वाटची निर्माण करायची. त्यांच्या विनोदाचं कौतुक खूप होतं. या भित्र्या डोळ्यांचं अजून व्हायला हवं. 16 डिसेंबर 2004ला ते गेले.

‘झपाटलेला’ हिंदीतही गेला, 1995मध्ये, ‘खिलौना बना खलनायक’ या नावानं. आमच्या चादरीवरच्या खेळानंतर दोन आयांनी मला तोच शोधून द्यायला सांगितलं. मुलांनी मात्र पुन्हा मराठीच हवा म्हटलं. त्यांना भाषा कळत नव्हती, पण आवाज पाठ झाला होता.

त्याच जातीचा एक परदेशी

लहानपणी नट आणि मोठेपणी बाहुल्यांना नट करणारी अशी माणसं जगात थोडी आहेत, पण आहेत. अमेरिकेतला सेथ ग्रीन, जन्म 1974. लहानपणीच सिनेमात आला, 1987 साली वुडी ॲलनच्या ‘रेडिओ डेज’मध्ये कोवळा नायक होता. मोठेपणी ‘फॅमिली गाय’ या कार्टूनला आवाज दिला आणि 2005मध्ये मॅथ्यू सेनरिकबरोबर ‘रोबॉट चिकन’ सुरू केलं. त्यात नट म्हणजे खेळण्यातल्या बाहुल्या. तंत्र स्टॉप मोशनचं. बाहुली तसूभर हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. सेकंदाला 24 चौकटी लागतात, तेव्हा 11 मिनिटांच्या एका भागात 15,840 चौकटी होतात. आणि हे सगळं कशासाठी, तर एक खेळणं दुसऱ्या खेळण्याला टपली मारतं त्यासाठी.

फरक एवढाच की तिकडे बाहुलीची हालचाल फोटोंच्या मधल्या फटीत लपते, इकडे पाध्यांच्या हातात. तिकडचा खेळ रात्री उशिरा मोठ्यांसाठी लागायचा, इकडचा आजी-आजोबांपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळ्यांनी एकत्र बघायचा. पण लहानपणी कॅमेऱ्यासमोर खेळलेल्या मुलानं मोठेपणी खेळणी कॅमेऱ्यासमोर आणावीत, हे दोन्हीकडे सारखं घडलं आहे आणि मला ते फार लोभस वाटतं.

महाराष्ट्रात महेश कोठारे यांच्या शेजारी बसवावं असं नाव सचिन पिळगांवकरांचं. तेही 1963च्या ‘हा माझा मार्ग एकला’पासूनचे बालकलाकार, तेही पुढे विनोदी सिनेमांचे दिग्दर्शक. ‘गंमत जंमत’ 1987चा, ‘अशी ही बनवाबनवी’ 1988चा. दोघांची वाट एकाच फाट्यावरून निघते, पण सचिन यांनी विनोद माणसांच्या वेशांतरात शोधला आणि महेश यांनी बाटलीत, बाहुलीत, कवटीत. ऐंशीच्या दशकाचा शेवट ज्यांनी थिएटरात घालवला, त्यांच्या नशिबी हे दोघंही एकदम आले.

घरातला दुसरा छोटा

1994. ‘माझा छकुला’. एक छोटा पोरगा आणि त्याच्या मागे लागलेले गुंड. छकुला झाला आदिनाथ कोठारे, दिग्दर्शकाचा मुलगा. वडिलांच्या ‘छोटा जवान’ला तेव्हा 31 वर्षं झाली होती. याचंच हिंदी रूप ‘मासूम’ 1996मध्ये आलं, दिग्दर्शक पुन्हा महेश कोठारे.

छकुलाही मोठा झाला आणि कॅमेऱ्याच्या मागे गेला. आदिनाथनं दिग्दर्शित केलेल्या ‘पाणी’ला पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट सिनेमाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2019 सालासाठी. दुष्काळी गावाची गोष्ट, बाहुली नाही, भूत नाही. वडिलांच्या खेळघरात वाढलेल्या मुलानं असा कोरडा, तहानलेला विषय घ्यावा, याचा मला मनापासून आनंद झाला.

चष्मा लावा

भारतातला पहिला थ्रीडी सिनेमा मल्याळममध्ये झाला, ‘माय डिअर कुट्टिचातन’, 1984. तोही मुलांसाठीच, त्यातही भूतच. 7 जून 2013ला ‘झपाटलेला 2’ आला आणि तात्या विंचू थ्रीडीत पडद्याबाहेर झेपावला. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं. दोघांना किंचित वेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्या फरकातून खोली मोजतो. थ्रीडीत दोन भिंगांनी दोन चित्रं घ्यायची आणि चष्म्यानं ज्याचं त्याला पोचवायचं, एवढाच कारभार. पण तो मराठीच्या खिशात बसवायला वयाच्या 59व्या वर्षी पुन्हा पहिल्या दिवसासारखी उमेद लागते. नायक आदिनाथ होता आणि बाहुल्यामागे रामदास पाध्ये यांच्याबरोबर त्यांचा मुलगा सत्यजित. दोन घराणी, दोन पिढ्या, एकच तात्या. ‘छोटा जवान’ला त्या वर्षी बरोबर पन्नास वर्षं झाली होती.

मग खोकं छोट्या पडद्यावर आलं. ‘जय मल्हार’ (2014 ते 2017) ही जेजुरीच्या खंडोबाची मालिका त्यांच्याच कोठारे व्हिजनची. रोजच्या मालिकेला संगणकावरच्या चमत्कारांची झूल चढवणं हे मराठीत तेव्हा अप्रूपच होतं. आमच्या इथल्या एका मराठी घरातली आजी ती मालिका लागली की टीव्हीसमोर भंडारा ठेवायची.

ओठ न हलवता

त्या सात वर्षांच्या मुलीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला फक्त शब्दभ्रमाचं गुपित सांगितलं. ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत अशी अक्षरं प, फ, ब, भ, म. शब्दभ्रमकाराला हीच नडतात. दात हलके टेकवून, ओठ किंचित उघडे ठेवून, जिभेनं त्यांच्या जागी त, ड, नसारखी जवळची अक्षरं घालायची आणि इतक्या चपळाईनं म्हणायचं की ऐकणाऱ्याचा कान स्वतःच दुरुस्ती करतो. त्याच वेळी बाहुलीचा जबडा हलवायचा. डोळा आवाजाला तिकडे ओढून नेतो. म्हणून तर त्याला शब्दाचा भ्रम म्हणतात. आणि बघा, ‘तात्या’ म्हणताना ओठ मिटावेच लागत नाहीत.

विसर्जनाच्या दिवशी क्लबहाऊससमोर निळा प्लास्टिकचा हौद ठेवला होता. ढोल नव्हता, कोणीतरी स्पीकर आणला होता. गणपती लिफ्टनं खाली आला. लिफ्टमध्ये दाटीवाटीनं सात-आठ मुलं, प्रत्येकाच्या हातात एकेक मोजा, मोज्यावर स्केचपेननं काढलेले डोळे. सगळ्यांचे दात घट्ट, ओठ अर्धे उघडे, गालफडं ताणलेली. अकराव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत एकाच सुरात चाललं होतं, “गणतती दात्ता, नोरया!”